दिसत नाही म्हणजे नाही का? सुरू न होणारा लिनक्स सर्व्हर आणि हरवलेल्या फाइली



मागच्या सत्रानंतर एका श्रोत्यांनी जरा मिश्कीलपणे विचारले, "सर, आयुष्यभर न्याय आणि वेदान्त शिकवलात, आता सर्व्हर दुरुस्तीवर बोलणार?" बोलणार. कारण आपण ही व्याख्याने ज्या यंत्रावरून ऐकता, ते लिनक्सवर चालणारे यंत्र गेली काही वर्षे आम्हीच सांभाळतो. आम्ही म्हणजे चार निवृत्त माणसे. पगारी माणूस परवडत नाही, म्हणून चुकत चुकत शिकलो. आणि एक चूक अशी केली, की ती सांगितल्याशिवाय आजचा विषय सुरूच करता येणार नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एके सकाळी सर्व्हर सुरू होता होता मधेच अडकला. आपण आणीबाणी अवस्थेत आहात, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर आला. पासवर्ड देऊन आत गेलो, ध्वनिमुद्रणे ठेवलेली डिरेक्टरी उघडली. रिकामी. एकही फाइल नाही. आमच्यातले एक जण म्हणाले, "गेलं सगळं." दोन दिवसांवर व्याख्यान होते. घाई झाली. आम्ही लिनक्स नव्याने टाकायला घेतले, आणि "संपूर्ण डिस्क वापरायची का?" या प्रश्नाला होकार देऊन मोकळे झालो.

नंतर वही उघडली. आम्ही यंत्रात काही बदल केला की वहीत लिहून ठेवतो. त्याच आठवड्यात एफएसटॅब नावाच्या फाइलीत एक ओळ बदलली होती आणि त्यात एक अक्षर गाळले होते. ध्वनिमुद्रणे डिस्कच्या वेगळ्या भागावर, म्हणजे वेगळ्या पार्टिशनवर, सुखरूप होती. ते पार्टिशन जोडले गेले नव्हते, एवढेच. आम्ही पाहिली ती जोडणीची रिकामी जागा. खुंटीवर पिशवी टांगलेली नाही म्हणून पिशवी जगातच नाही असे म्हणावे, तसे आम्ही केले. आणि मग स्वतःच्या हाताने पिशवी जाळली. आमच्या गुरुजींची उपमान प्रमाणावरची अकरा व्याख्याने त्या पार्टिशनवर होती. दुसरी प्रत नव्हती. गुरुजी त्याआधीच गेले होते.

ज्या माणसाने तीस वर्षे वर्गात अनुपलब्धी शिकवली, त्याने हे करावे! म्हणून आज आधी अनुपलब्धी, मग सर्व्हर.

अंधारातला घडा

"इथे घडा नाही" हे आपल्याला कसे कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, की अभावाचे ज्ञान देणारे स्वतंत्र प्रमाण आहे, त्याचे नाव अनुपलब्धी. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती त्यातली एक अट. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, ती योग्य अनुपलब्धी असावी लागते. म्हणजे काय, तर घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड आहे, डोळे उघडे आहेत, समोर आडोसा नाही, आणि तरीही घडा दिसत नाही, तर घडा नाही. पण खोलीत अंधार असेल तर? तर घडा दिसत नाही एवढेच म्हणता येते. नाही असे म्हणता येत नाही.

सर्व्हरसमोर बसल्यावर हीच अट लावायची. फाइल दिसत नाही. ठीक. पण ती असती तर दिसली असती का? ती ज्या पार्टिशनवर असायला हवी ते जोडलेले आहे का? डिस्क यंत्राला दिसते आहे का? आपण आत्ता खऱ्या प्रणालीत आहोत, की सुरुवातीच्या तात्पुरत्या छोट्या प्रणालीत? याची उत्तरे मिळेपर्यंत "गेली" हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

थैली कुठपर्यंत पोचली?

आता यंत्र सुरू कसे होते ते पाहू. पूर्वी टपाल हरकाऱ्यांच्या टप्प्यांनी जायचे. एक हरकारा आपल्या चौकीपर्यंत धावणार, थैली पुढच्याच्या हातात देणार. थैली मुक्कामी पोचली नाही तर पहिला प्रश्न हा, की ती शेवटची कोणत्या चौकीवर दिसली? लिनक्सचे सुरू होणे अगदी तसेच आहे. पडद्यावर जो शेवटचा बोलला, त्याच्यापर्यंत थैली आली. गडबड त्याच्या आणि पुढच्याच्या मधे आहे. त्यामुळे पडद्याचा आधी फोटो काढा, मग हात लावा.

पहिली चौकी फर्मवेअरची, म्हणजे बायोस किंवा आजकालचे यूईएफआय. त्याला डिस्क सापडली नाही तर "बूट करण्याजोगे उपकरण नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. इथे लिनक्सचा अजून संबंधच आलेला नाही. डिस्कची वायर, डिस्कचे आरोग्य, आणि यूईएफआयच्या यादीत आपल्या प्रणालीची नोंद आहे का, हे पाहायचे.

दुसरी चौकी ग्रबची. ग्रब हा बूटलोडर, कर्नल उचलून स्मृतीत ठेवणारा. पडद्यावर "ग्रब रेस्क्यू" एवढेच येऊन कर्सर लुकलुकत असेल, तर ग्रबचा गाभा जागा झाला आहे पण त्याला त्याचे स्वतःचे भाग सापडत नाहीत. तिथे "एलएस" टंकले की दिसणारी पार्टिशने मोजता येतात. एकेकात डोकावून ग्रबची डिरेक्टरी कुठे आहे ते शोधायचे, "सेट" या आज्ञेने रूट आणि प्रीफिक्स ठरवायचे, मग "इन्समॉड नॉर्मल" आणि "नॉर्मल". नेहमीची यादी परत येते. पण लक्षात ठेवा, हे फक्त आजच्यापुरते. प्रणाली सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवला नाही तर पुढच्या वेळी तेच. आणि नुसते "ग्रब" असे येत असेल, तर त्याचे भाग सापडले आहेत, बहुधा यादीची फाइल सापडलेली नाही. पडद्यावर एका शब्दाचा फरक, पण एक चौकी पुढची बातमी.

(आज्ञा आम्ही उच्चाराप्रमाणे सांगतो आहोत. टंकताना अर्थातच रोमन लिपीत, आणि बहुतेक लहान अक्षरांत.)

तिसरी चौकी कर्नलची. कर्नलबरोबर एक शिदोरी जाते, तिचे नाव इनिटरामएफएस. खरी डिस्क उघडण्यापूर्वी लागणारी हत्यारे आणि ड्रायव्हर त्या छोट्या पुडक्यात असतात. शिदोरीच नसेल तर कर्नल जागा होतो, पण डिस्क उघडू शकत नाही, आणि "कर्नल पॅनिक" म्हणून थांबतो. त्या संदेशात रूट फाइलप्रणाली जोडता आली नाही असे लिहून पुढे "अननोन ब्लॉक" आणि कंसात शून्य, शून्य दिसले, तर पहिला संशय शिदोरीवर घ्यायचा. हे शब्द भीतिदायक दिसतात, पण बहुतेकदा डेटाला धक्का लागलेला नसतो.

चौथी चौकी शिदोरी आणि खरी रूट फाइलप्रणाली यांच्या मधली. डेबियन किंवा उबुंटूवर इथे अडकले तर अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असा इशारा येतो, आणि इनिटरामएफएसची छोटी शेल उघडते. यूयूआयडी म्हणजे पार्टिशनवरच्या फाइलप्रणालीचा ओळखक्रमांक. आता इथे कुणी "एलएस" करून म्हणेल, की अरे, माझी होम डिरेक्टरी नाही, माझा डेटा नाही! कसा असेल? आपण अजून ओसरीवर उभे आहोत, माजघरात गेलोच नाही. इथे "बीएलकेआयडी" चालवायचे आणि दिसणारे क्रमांक कर्नलला सांगितलेल्या क्रमांकाशी ताडून पाहायचे. कर्नलला काय सांगितले होते ते /प्रॉक/सीएमडीलाइन या फाइलीत मिळते. डिस्क मुळीच दिसत नसेल तर वायर किंवा ड्रायव्हर. डिस्क दिसते पण क्रमांक वेगळा असेल तर ग्रबची यादी जुनी.

पाचवी चौकी सिस्टिमडीची. आता खरी प्रणाली जागी झाली. सिस्टिमडी /ईटीसी/एफएसटॅब वाचून बाकीची पार्टिशने जोडतो. एखादे सापडले नाही तर साधारण ९० सेकंद वाट पाहतो आणि मग आणीबाणी अवस्थेत नेतो. आम्ही त्या सकाळी नेमके इथे होतो. "जर्नलसीटीएल डॅश एक्सबी" चालवले असते तर कोणते पार्टिशन जोडले गेले नाही ते लिहिलेले मिळाले असते. एफएसटॅबमधली ओळ सुधारून "माउंट डॅश ए" म्हटले असते, तर दोन मिनिटांत अकरा व्याख्याने समोर आली असती. रूट फाइलप्रणाली तेव्हा फक्त वाचनासाठी जोडलेली असेल, तर ती आधी लिहिण्यायोग्य करून घ्यावी लागते, एवढेच.

अभाव चार प्रकारचा

बरं, उजेड केला, आडोसे काढले, आणि फाइल खरोखरच नाही. मग पुढचा प्रश्न: कोणत्या प्रकारे नाही? आपल्या न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत.

प्रागभाव म्हणजे वस्तू अजून घडलीच नाही. नवा कर्नल आला पण त्याची शिदोरी बांधलीच गेली नाही. इथे शोधायचे नाही, घडवायचे.

प्रध्वंसाभाव म्हणजे होती आणि नष्ट झाली. कुणी चुकून पुसली. प्रणालीची फाइल असेल तर पॅकेजमधून परत येते. आपली स्वतःची असेल तर बहुधा राखीव प्रतीतूनच.

अन्योन्याभाव म्हणजे घडा हा पट नव्हे. फाइल आहे, पण ती ही नव्हे. शिदोरी आहे पण दुसऱ्या कर्नलची. नाव तेच, आकार शून्य. म्हणून नाव पाहून समाधान मानू नका. आकार, तारीख आणि आवृत्ती पाहा.

अत्यंताभाव म्हणजे ती तिथे कधी नव्हती आणि नसणार. डेबियनच्या पुस्तकात "अपडेट-ग्रब" वाचले आणि रेड हॅटच्या घराण्यातल्या यंत्रावर टंकले. आज्ञा सापडत नाही. हरवलेली नाही हो, ती त्या घरची नाहीच. तिथे "ग्रब२-एमकेकॉन्फिग" असते.

आणखी एक बारकावा. नैयायिक विचारतात, अभाव कशाचा? ज्याचा अभाव त्याला ते प्रतियोगी म्हणतात. याचे सुरेख उदाहरण लिनक्समध्ये सापडते. "एलएस" केले तर प्रोग्रॅमची फाइल समोर दिसते. चालवायला जावे तर उत्तर येते, अशी फाइल नाही! माणूस चक्रावतो. पण यंत्र खोटे बोलत नाही. प्रोग्रॅम चालवणारा जो लोडर असतो, किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नाव दिलेला जो दुभाष्या असतो, तो सापडलेला नसतो. अभाव आहे, पण प्रतियोगी आपण समजलो तो नव्हे. आजच्या बहुतेक प्रणालींत /लिब ही /यूएसआर/लिब कडे बोट दाखवणारी नुसती एक दुवा-फाइल असते, आणि ६४ बिट इंटेल यंत्रांवर /लिब६४ सुद्धा तशीच. हे दुवे कुणी "फालतू आहेत" म्हणून काढले, तर जवळजवळ प्रत्येक आज्ञा नाही नाही म्हणू लागते. हजारो फाइली जागच्या जागी असतात. हरवलेला असतो एक दुवा.

बाहेरून आत येणे

यंत्र आतून उघडत नसेल तर पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने सुरू करायचे. आता क्रम सांगतो. घाईत हा क्रम मोडतो, म्हणून लिहून भिंतीला लावा.

एक. काही लिहू नका. पुसलेल्या फाइलीची जागा मोकळी समजली जाते. तिच्यावर दुसरे काही लिहिले गेले, की आशा संपली.

दोन. डिस्कचे आरोग्य "स्मार्टसीटीएल"ने पाहा. डिस्क आजारी वाटली तर आधी "डीडीरेस्क्यू"ने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा.

तीन. "एलएसबीएलके डॅश एफ" चालवून सगळी पार्टिशने कागदावर मांडा. कोणते कशासाठी, हे समजल्याशिवाय पुढे जायचे नाही. आम्ही हेच केले नव्हते.

चार. जोडायचे ते आधी फक्त वाचनासाठी. ईएक्सटी४ फाइलप्रणाली नुसते "आरओ" म्हटले तरी आपले जर्नल पूर्ण करायला डिस्कवर लिहू शकते. "नोलोड" हाही पर्याय दिला तर तेही थांबते.

पाच. "एफएससीके" म्हणजे फाइलप्रणालीची तपासणी. ती जोडलेल्या पार्टिशनवर कधीही चालवायची नाही. प्रत्येक प्रश्नाला डोळे झाकून होकार द्यायचा नाही. तिला अनाथ सापडलेल्या फाइली "लॉस्ट अँड फाउंड" डिरेक्टरीत जातात, नावे जाऊन नुसते आकडे उरतात. तिथे डोकवायला विसरू नका. नाव गेले म्हणून माणूस गेला असे नव्हे.

सहा. आता दुरुस्ती. रूट पार्टिशन /एमएनटी वर जोडा. बूट आणि ईएफआयची पार्टिशने वेगळी असतील तर तीही त्याच्या आत जोडा. /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस हे तीन आत बांधून घ्या. मग "सीएचरूट". आता आपण आपल्याच प्रणालीच्या आत आहोत. डेबियन घराण्यात "अपडेट-इनिटरामएफएस", "ग्रब-इन्स्टॉल" आणि "अपडेट-ग्रब". रेड हॅटच्या घराण्यात शिदोरीसाठी "ड्रॅकट".

सात. कोणत्या फाइली गेल्या हे अंदाजाने ठरवू नका. प्रणालीला विचारा. "डीपीकेजी डॅश डॅश व्हेरिफाय" किंवा "आरपीएम डॅश व्हीए" (यातला व्ही मोठा) पॅकेजच्या नोंदींशी प्रत्यक्ष फाइली ताडून यादी देतात. फाइल कोणत्या पॅकेजची हे "डीपीकेजी डॅश एस" सांगते, यातला एसही मोठा. ते पॅकेज पुन्हा बसवायचे. मात्र डेबियनमध्ये पुसलेली संरचना-फाइल पुन्हा बसवूनही परत येत नाही, कारण ती तुम्ही मुद्दाम काढली असे तो धरून चालतो. त्यासाठी "फोर्स-कॉन्फमिस" हा पर्याय द्यावा लागतो.

आणि या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट. फाइली पुसल्या गेल्याचे यंत्र चालू असतानाच लक्षात आले, तर ते बंद करू नका. पुन्हा सुरू करून बघू, असं म्हणू नका. एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरली असेल तर तिचे नाव गेलेले असते, मजकूर अजून असतो. /प्रॉकमध्ये त्या प्रोग्रॅमच्या क्रमांकाखाली, "एफडी" या डिरेक्टरीतून तो काढून घेता येतो. यंत्र बंद केले की तोही गेला.

गेल्या पावसाळ्यात

आता दुसरा प्रसंग, म्हणजे आमचे काही शिकणे झाले का ते कळेल. गेल्या पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसची बॅटरी जुनी, सर्व्हर बंद पडला. वीज आली तेव्हा पडद्यावर कर्नल पॅनिक. पुन्हा कुणीतरी म्हणाले, "नव्याने टाकूया का?" यावेळी आम्ही खुर्च्या मागे सरकवल्या आणि फोटो काढला. अननोन ब्लॉक, शून्य, शून्य. म्हणजे थैली कर्नलपर्यंत आली आहे आणि शिदोरी नाही. ग्रबच्या यादीत प्रगत पर्यायांमध्ये जुना कर्नल असतो. तो निवडला. यंत्र सुरळीत सुरू झाले.

मग "डीएफ" पाहिले. /बूट पार्टिशन १०० टक्के भरलेले. वसंतात कधीतरी आपोआप होणाऱ्या अद्ययावतीकरणात नवा कर्नल आला, शिदोरी बांधायला जागा उरली नाही, आणि पुढे ग्रबची यादी नव्याने तयार झाली तेव्हा तो बिनशिदोरीचा कर्नल यादीत सर्वांत वर जाऊन बसला. यंत्र चालू होते तोवर कुणाला पत्ता नाही. वीज फक्त निमित्त झाली. जुने, न लागणारे कर्नल काढले, शिदोरी बांधली, यादी पुन्हा केली, आणि समोर बसून यंत्र एकदा बंद-चालू करून पाहिले. पाऊण तास लागला. प्रागभाव होता, आम्ही घडवून दिला.

तेव्हापासून चार सवयी. महिन्यातून एकदा /बूटमध्ये जागा किती ते पाहतो. एफएसटॅब बदलला की बंद करण्यापूर्वीच "फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय" आणि "माउंट डॅश ए" चालवतो, आणि ज्या पार्टिशनवाचून यंत्र सुरू व्हायला हरकत नाही त्याला "नोफेल" लावतो. मोठे अद्ययावतीकरण झाले की आपल्या सोयीच्या वेळी यंत्र मुद्दाम बंद-चालू करतो, म्हणजे अडचण आली तर ती दिवसाउजेडी येते. आणि ध्वनिमुद्रणांची एक प्रत दुसऱ्या गावी आमच्यातल्या एकांच्या घरी असते. ती उघडते का, हे दर दिवाळीत उघडून पाहतो. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, ती एक आशा आहे.

गुरुजींची अकरा व्याख्याने परत आली नाहीत. त्यांच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून टिपणे जमवतो आहोत. कुणा श्रोत्याकडे त्या काळातली कॅसेट असेल, अगदी खराब वाटत असली तरी, फेकू नका, आम्हाला कळवा. आम्हाला ती दिसत नाही, एवढेच आम्ही सध्या म्हणतो.

पुढच्या वेळी पुन्हा वेदान्तपरिभाषेकडे वळू.